हृदयाचे ठोके अनियमित असताना ॲलर्जीची गोळी घ्यावी का?

प्रश्न: माझं वय ५६ आहे. दोन वर्षांपूर्वी एट्रियल फिब्रिलेशनचं, म्हणजे हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडण्याच्या आजाराचं, निदान झालं. सोटालॉल दिवसातून दोनदा आणि रक्त पातळ करणारी एक गोळी चालू आहे. ठोके बऱ्यापैकी ताब्यात आहेत. तरुणपणापासून मला अंगावर पित्त उठण्याचा त्रास आहे, सकाळी उठल्यावर शिंकाही येतात. त्यासाठी कित्येक वर्षं रोज रात्री सेटिरिझिन घेत होते. मध्यंतरी वाचनात आलं की अशा ॲलर्जीच्या, म्हणजे अँटिहिस्टामिन, गोळ्यांनी हृदयाची लय बिघडते. धास्तीने ती बंद केली. दोन-तीन दिवसांतच अंगभर खाज सुटली, गांधी उठल्या, रात्र रात्र खाजवत बसायची वेळ आली. शेवटी दिरांकडे असलेली हायड्रॉक्सिझिनची गोळी ‘खाजही थांबेल, झोपही लागेल’ म्हणून दोन रात्री घेतली. दुसऱ्या रात्री छातीत फडफडल्यासारखं झालं आणि उठून उभी राहिले तर डोळ्यांपुढे अंधारी आली. आता कुठलीच गोळी घ्यायची हिंमत होत नाही. सेटिरिझिनही धोक्याचीच का? माझ्या मुलीलाही हाच त्रास आहे, तीही रोज गोळी घेते. तिने बंद करावी का?

उत्तर: ताई, सविस्तर उत्तर पुढे देतेच, पण आधी करायच्या गोष्टी. हायड्रॉक्सिझिन पुन्हा घेऊ नका, एकही नाही. तुमच्या हृदयरोगतज्ज्ञांना आजच फोन करा, ‘सोटालॉलवर असताना दोन रात्री हायड्रॉक्सिझिन घेतली, फडफड झाली, अंधारी आली’ एवढं नेमकं सांगा आणि ईसीजी काढून घ्या. सोबत रक्तातलं पोटॅशियम, मॅग्नेशियम आणि क्रिएटिनिन तपासायला सांगा. सोटालॉल मात्र भीतीपोटी स्वतःहून थांबवू नका. या जातीची औषधं एकाएकी सोडली तर हृदय वेगळ्याच अडचणीत येतं. आणि पुन्हा अंधारी आली, शुद्ध हरपली, छातीत दुखलं, दम लागला किंवा धडधड थांबेचना, तर फोनाफोनी करत बसू नका, थेट तातडीच्या विभागात जा. स्वतः गाडी चालवत जाऊ नका.

हे झालं की निवांतपणे पुढचं वाचा. तुम्ही जे वाचलंत ते खोटं नाही, पण ते अर्धं आहे. लय बिघडवण्याचा दोष काही ठरावीक अँटिहिस्टामिन औषधांत आहे, आणि तोही ठरावीक परिस्थितीत उफाळतो. तुमच्या बाबतीत झालं ते असं की धोका फार कमी असलेली गोळी तुम्ही सोडली आणि सोटालॉलसोबत जी घ्यायलाच नको ती घेतली. ‘अँटिहिस्टामिन’ असं एकच नाव सगळ्यांना लावून त्यांच्याबद्दल सरसकट सांगितलं की माणसाच्या हातून असंच होतं, म्हणून मला यावर जरा विस्ताराने लिहावंसं वाटतं.

ठोका पडून गेला की पुढच्या ठोक्याआधी हृदयाच्या पेशींना विद्युतदृष्ट्या पुन्हा मूळ स्थितीला यावं लागतं. त्यासाठी पोटॅशियमचे कण पेशीतून बाहेर पडावे लागतात, आणि त्यांच्या बाहेर पडण्याच्या दारांपैकी एक महत्त्वाचं दार म्हणजे ‘हर्ग’ नावाचा चॅनेल. काही औषधांचे रेणू नेमके या दारात अडकतात. मग पेशी पूर्वपदावर यायला जास्त वेळ घेतात आणि ईसीजीवर क्यूटी नावाचं अंतर लांबतं. ते फार लांबलं की हृदयाच्या खालच्या कप्प्यांत एक विशिष्ट, घातक लय सुरू होऊ शकते: टॉर्साद द पॉइंत. फ्रेंच डॉक्टर फ्रान्स्वा देसेर्तेन यांनी १९६६ मध्ये तिचं वर्णन केलं. ईसीजीच्या लाटा मधल्या रेषेभोवती पिळत गेल्यासारख्या दिसतात, एकदा उंच, एकदा ठेंगण्या. ही लय काही सेकंदांत आपोआप थांबली तर माणसाला घेरी येते. थांबली नाही तर जिवावर बेतते.

आता पाहा, तुमचा मूळ आजार एट्रियल फिब्रिलेशन हा हृदयाच्या वरच्या कप्प्यांचा आहे, आणि अँटिहिस्टामिनबद्दलची मोठी धास्ती खालच्या कप्प्यांच्या लयीची आहे. म्हणजे फिब्रिलेशन आहे एवढ्यावरून ॲलर्जीची गोळी आपोआप निषिद्ध ठरत नाही. तुमच्यापुरती मेख सोटालॉलमध्ये आहे. सोटालॉल हे बीटा ब्लॉकर, म्हणजे ठोक्यांचा वेग कमी ठेवणारं औषध, तर आहेच, शिवाय ते याच पोटॅशियमच्या दारावर काम करतं. लय ताब्यात ठेवण्याचा त्याचा एक मार्गच तो आहे. त्यामुळे तुमचा क्यूटी औषधाने आधीच थोडा लांबवलेला असणार. डॉक्टरांनी ते जाणून, मोजून दिलेलं आहे. त्यावर त्याच दारात अडकणारी दुसरी गोळी पडली की हिशेब बिघडतो. युरोपीय औषध संस्थेने २०१५ मध्ये हायड्रॉक्सिझिनवर निर्बंध आणले ते याच कारणाने: प्रौढांना दिवसाला १०० मिलिग्रॅमच्या वर नाही, वृद्धांना देणं शक्यतो टाळावं आणि द्यावंच लागलं तर ५० च्या वर नाही, आणि ज्यांचा क्यूटी लांबलेला आहे किंवा लांबण्याची ठळक कारणं आहेत त्यांना अजिबात नाही. क्यूटी लांबवणारं दुसरं औषध चालू असणं हे त्यातलंच एक कारण.

दिरांनी आपुलकीनेच गोळी दिली, त्यांना दोष नाही. पण तुम्हाला वाटलेली फडफड नेमकी कशाची होती हे ईसीजी पाहिल्याशिवाय कुणीही सांगू शकणार नाही. फिब्रिलेशन पुन्हा उसळलं असेल. गोळीमुळे ठोके नुसते जलद झाले असतील. रात्रभरच्या जागरणानेही तसं होतं. हायड्रॉक्सिझिन शरीरातून निम्मं व्हायलाच सुमारे २० तास लागतात, वय वाढलं की आणखी जास्त, म्हणून ‘आता बरं वाटतंय’ म्हणून ईसीजी टाळू नका.

या धास्तीचं मूळ माहीत असलं तर तुमचा गोंधळ बराच निवळेल. १९८५ मध्ये अमेरिकेत टर्फेनाडिन नावाची गोळी बाजारात आली. झोप न आणणारी अँटिहिस्टामिन म्हणून ती लोकांना फार आवडली. जुन्या गोळ्यांनी दिवसभर पेंग यायची, ही घेऊन माणूस कामाला जाऊ शकत होता. पाच वर्षांनी, १९९० मध्ये, ३९ वर्षांच्या एका महिलेची हकिकत वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. ती टर्फेनाडिन नेहमीच्याच मात्रेत घेत होती. सोबत बुरशीच्या संसर्गासाठी केटोकोनाझोल घेतलं आणि तिला टॉर्सादचे झटके आले. कारण असं: टर्फेनाडिन पोटात गेलं की आतडं आणि यकृत मिळून ते जवळजवळ पूर्ण बदलून टाकतात, मूळ रूपात ते रक्तात जवळपास सापडतच नाही. हे बदलण्याचं काम करणारं एन्झाइम केटोकोनाझोलने बंद पाडलं. एरिथ्रोमायसिन, क्लॅरिथ्रोमायसिन ही अँटिबायोटिक्स, अगदी ग्रेपफ्रूटचा रसदेखील तेच करतो. मग न बदललेलं टर्फेनाडिन रक्तात साचलं आणि हर्गच्या दारात जाऊन बसलं. १९९२ मध्ये वेष्टनावर कडक इशारा आला, १९९८ मध्ये ते अमेरिकेच्या बाजारातून उठलं. पाठोपाठ १९९९ मध्ये ॲस्टेमिझोलही तिथे बंद झालं. तुम्ही वाचलेल्या इशाऱ्यांची मुळं बहुधा या दोन औषधांत आहेत.

या गोष्टीचा पुढचा भाग फारसा सांगितला जात नाही, आणि तुमच्यासाठी तोच कामाचा आहे. शरीर टर्फेनाडिनला बदलून जे बनवतं, ते म्हणजे फेक्सोफेनाडिन. ॲलर्जीवरचं सगळं काम तेच करत होतं, आणि पोटॅशियमच्या दाराला त्याचा जवळपास काहीच त्रास नाही. म्हणून मग ते थेट गोळीच्या रूपात आलं आणि आज जगभर वापरात आहे. तुमच्या बाबतीत तर योगायोग त्याहून मोठा आहे. हायड्रॉक्सिझिन शरीरात गेल्यावर बदलून काय होतं? सेटिरिझिन! म्हणजे तुम्ही भीतीने टाकलेली गोळी ही नंतर घेतलेल्या गोळीचंच शरीराने पुढे घडवलेलं रूप आहे, आणि हृदयाच्या दृष्टीने मूळ औषधापेक्षा ते कितीतरी सौम्य आहे. निरोगी माणसांना रोज ६० मिलिग्रॅम सेटिरिझिन, म्हणजे नेहमीच्या मात्रेच्या सहापट, आठवडाभर देऊन ईसीजी तपासले गेले. क्यूटीत दखल घेण्याजोगी वाढ दिसली नाही. ॲलर्जी थांबवण्याचा गुण आणि लय बिघडवण्याचा दोष हे एकमेकांना बांधलेले नाहीत, हे या दोन जोड्यांवरून स्पष्ट दिसतं.

तेव्हा तुमच्या थेट प्रश्नाचं उत्तर: सेटिरिझिनला मी तुमच्यासाठी धोक्याची म्हणणार नाही. ईसीजी आणि रक्ताचे अहवाल पाहून डॉक्टरांनी हो म्हटलं की ती पुन्हा सुरू करता येईल, किंवा तिच्याऐवजी फेक्सोफेनाडिन घेता येईल. लोराटाडिन हाही बहुतेकांना चालणारा पर्याय आहे. क्रिएटिनिन तपासायला सांगितलं त्याचं कारण असं की सेटिरिझिन आणि फेक्सोफेनाडिन दोन्हींचा निचरा होण्यासाठी मूत्रपिंडं धड लागतात. ती मंदावली असतील तर मात्रा कमी करावी लागते. सोटालॉलही मूत्रपिंडांतूनच बाहेर जातं, त्यामुळे ही एक तपासणी तुमच्या दोन्ही औषधांसाठी लागते. फेक्सोफेनाडिन घेतलंत तर पाण्यासोबत घ्या, फळांच्या रसासोबत नको, रसाने ते नीट शोषलं जात नाही. ॲल्युमिनियम-मॅग्नेशियमचं ॲसिडिटीचं औषध घेत असाल तर त्यात आणि या गोळीत काही तासांचं अंतर ठेवा. सोटालॉलच्या बाबतीतही ते अंतर किमान दोन तासांचं हवं.

गोळी बंद केल्यावर दोन-तीन दिवसांतच एवढी भयंकर खाज का सुटली, तेही पाहू. तुमचं पित्त उसळलं हे आहेच. पण वर्षानुवर्षं रोज घेतलेली सेटिरिझिन किंवा लेव्होसेटिरिझिन एकदम थांबवल्यावर काही जणांना तीव्र खाज सुटते, ज्यांना आधी खाज नव्हती त्यांनासुद्धा. असं क्वचितच होतं, पण होतं. अमेरिकेच्या औषध नियंत्रण संस्थेने, म्हणजे एफडीएने, मे २०२५ मध्ये त्याबद्दल जाहीर सूचना काढली. बहुतेकांची खाज गोळी पुन्हा सुरू केल्यावर थांबली, आणि काहींना हळूहळू कमी करत बंद करणं जमलं. म्हणून पुढे कधी सेटिरिझिन सोडायची ठरवलीत, तर डॉक्टरांना विचारून टप्प्याटप्प्याने सोडा. खाज सहन करत राहणं हाही तुमच्यासारखीला परवडणारा मार्ग नाही. झोपमोड आणि सततचा त्रास लयीला मानवत नाही.

पित्त एका गोळीने आटोक्यात आलं नाही तर? दीर्घकाळ टिकणाऱ्या पित्तासाठी नव्या पिढीच्या गोळ्या डॉक्टर चारपट मात्रेपर्यंत वाढवतात, तशी मार्गदर्शक तत्त्वं आहेत. तुम्ही मात्र एकाच्या दोन गोळ्याही मनाने करू नका. सोटालॉल असताना मात्रा वाढवायची ती ईसीजी पाहूनच. शिंकांसाठी तर पोटात गोळी जायलाच हवी असंही नाही. मिठाच्या पाण्याने नाक धुणं आणि फ्लुटिकासोन किंवा मोमेटासोनचा नाकातला फवारा रोज नियमाने घेणं यावर कित्येकांचं काम भागतं. फवाऱ्याचा गुण यायला काही दिवस लागतात, दोन दिवसांत सोडून देऊ नका.

काय टाळायचं तेही सांगते. डायफेनहायड्रामिन, प्रोमेथाझिन, क्लोरफेनिरामिन ही जुनी, पेंग आणणारी औषधं तुमच्या वाटेची नाहीत. त्यांचा दुहेरी त्रास आहे. एक तर ती हृदयाचा वेग धरून ठेवणाऱ्या व्हेगस मज्जातंतूचा अंमल कमी करतात, त्यामुळे ठोके पळू लागतात. फिब्रिलेशन असलेल्याला हे आणखी जाणवतं. दुसरं म्हणजे अतिमात्रा झाली तर डायफेनहायड्रामिन हृदयातल्या सोडियमच्या मार्गांवरही घाला घालतं. २०२० मध्ये समाजमाध्यमांवरच्या ‘आव्हानापायी’ मुलांनी ते भरमसाट घेतलं, काही दवाखान्यात पोहोचली, मृत्यूच्याही बातम्या आल्या. तेव्हाही एफडीएला इशारा द्यावा लागला होता. हे औषध सर्दी-खोकल्याच्या पातळ औषधांत आणि झोपेच्या गोळ्यांत मिसळलेलं असतं. म्हणून वेष्टनावरचं मोठं नाव सोडा, मागचा बारीक अक्षरातला घटकांचा मजकूर वाचा. तिथेच स्यूडोएफेड्रिन किंवा फेनिलएफ्रिन दिसलं तर ते औषध परत ठेवा. नाक मोकळं करणारे हे घटक ॲलर्जीच्या गोळीत घालतात आणि नावापुढे बरेचदा ‘डी’ लावतात. ते अँटिहिस्टामिन नाहीत, पण रक्तदाब आणि ठोके दोन्ही चढवतात. ॲलर्जीच्या गोळीने धडधड झाली असं सांगणाऱ्यांच्या हातातली गोळी पाहिली तर कितीदा तरी त्यात हा जोडीदार निघतो. नव्यांपैकी एबास्टिन, रुपाटाडिन आणि मिझोलास्टिन यांच्याबाबत लय बिघडलेल्यांनी आणि क्यूटी लांबलेल्यांनी सावधगिरी बाळगावी असं त्यांच्या माहितीपत्रकांतच लिहिलेलं असतं. तुमच्याकडे त्यांहून निर्धास्त पर्याय आहेत, तर तिकडे जायचं कारणच नाही.

मला तुमची सर्वात जास्त काळजी एका साध्या प्रसंगाची वाटते. सर्दी-ताप होतो, कुणीतरी ॲझिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक लिहून देतं. उलट्या होतात म्हणून ऑन्डॅनसेट्रॉन किंवा डॉम्पेरिडोन जोडलं जातं. उलट्या-जुलाबांनी पोटॅशियम आधीच उतरलेलं असतं, आणि खाली सोटालॉल आहेच. यातली प्रत्येक गोष्ट क्यूटीला थोडी ओढते, एकत्र आल्या की पुष्कळ ओढतात. लिव्होफ्लॉक्सासिन, फ्लुकोनाझोल, सिटालोप्रामसारखी मनाच्या आजारावरची काही औषधं, लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांनी उतरणारं पोटॅशियम हेही त्याच रांगेतले. बायकांचा क्यूटी पुरुषांपेक्षा मुळातच थोडा लांब असतो आणि टॉर्सादचं प्रमाणही बायकांत जास्त आहे. म्हणून एका चिठ्ठीवर ‘सोटालॉल चालू आहे, क्यूटी लांबवणारं औषध देऊ नये’ असं लिहून ती पाकिटात ठेवा. दाताच्या डॉक्टरांपासून डोळ्यांच्या डॉक्टरांपर्यंत कुणीही काही लिहून देऊ लागलं की आधी ती चिठ्ठी पुढे करा.

ईसीजीची पट्टी हातात आली की स्वतःही जरा बघा, भीती कमी होते. कागदावरचा एक मोठा चौकोन म्हणजे २०० मिलिसेकंद, आणि त्यातला एक बारीक चौकोन ४० मिलिसेकंद. टोकदार उंच लाटेच्या सुरुवातीपासून तिच्यामागून येणारी गोलसर टी लाट जिथे रेषेला टेकते तिथपर्यंतचं अंतर म्हणजे क्यूटी. ते अडीच मोठे चौकोन भरलं तर ५०० मिलिसेकंद झाले. वेग कमी-जास्त झाला की हे अंतरही बदलतं, म्हणून वेगाचा हिशेब करून जो आकडा काढतात त्याला क्यूटीसी म्हणतात. पुरुषांत तो साधारण ४५० पर्यंत आणि बायकांत ४६० पर्यंत ठीक मानतात. ५०० ओलांडला की डॉक्टर लगेच औषधांकडे बघतात. मात्र यंत्राने वरच्या कोपऱ्यात छापलेल्या आकड्यावर विसंबू नका. पट्टी काढताना फिब्रिलेशन चालू असेल तर दोन ठोक्यांमधलं अंतर दर वेळी वेगळं असतं आणि यंत्राचा आकडा भरवशाचा राहत नाही. अशा वेळी बरेच ठोके हाताने मोजून सरासरी काढावी लागते. ‘क्यूटी हाताने मोजलात का?’ असं डॉक्टरांना खुशाल विचारा. त्यात उद्धटपणा काही नाही. आधीचे ईसीजी जपून ठेवले असतील तर सोबत न्या. एका आकड्यापेक्षा सोटालॉल सुरू होण्याआधीचा, नंतरचा आणि आताचा, असे तीन शेजारी ठेवले तर डॉक्टरांना खूप काही कळतं.

एक धोका वेगळा आहे. कधी ओठ, जीभ किंवा घसा सुजला, श्वास लागला, पित्तासोबत गळून गेल्यासारखं झालं, तर अँटिहिस्टामिन घेऊन वाट पाहू नका. तिथे ॲड्रेनालिनचं इंजेक्शनच लागतं आणि ते लगेच लागतं. बीटा ब्लॉकर घेणाऱ्यांत त्याचा गुण कधी कमी पडतो, म्हणून तातडीच्या विभागात पोहोचल्याबरोबर सोटालॉलचं नाव सांगा. हृदयाचा आजार आहे म्हणून ते इंजेक्शन नाकारू मात्र नका.

राहिला मुलीचा प्रश्न. तिचे ठोके व्यवस्थित असतील, ती लय बिघडवणारी किंवा क्यूटी लांबवणारी इतर औषधं घेत नसेल आणि तिची गोळी सेटिरिझिन, लेव्होसेटिरिझिन, लोराटाडिन किंवा फेक्सोफेनाडिनपैकी असेल, तर बंद करायचं कारण नाही. तुमच्यासारखी एकदम तर मुळीच बंद करू नये. तिला फक्त एवढं विचारा: धावताना, घाबरल्यावर किंवा अचानक मोठा आवाज झाल्यावर कधी शुद्ध हरपली होती का? घराण्यात कुणी तरुण वयात, कारण न कळता, अचानक गेलं आहे का? क्यूटी जन्मतःच लांब असण्याचा एक आनुवंशिक आजार आहे आणि तो कित्येकदा अशाच खुणांवरून ओळखू येतो. उत्तर ‘हो’ आलं, किंवा तुमच्या जुन्या ईसीजीत सोटालॉल सुरू होण्याआधीच क्यूटी लांब निघाला, तर तिचाही एक ईसीजी काढून घ्या.